माळ्यावरची दुर्बीण गच्चीवर

दहावीचा निकाल, वाढदिवस, नाहीतर परदेशातून आलेला काका, यांपैकी कुठल्यातरी निमित्तानं घरात दुर्बीण येते. पहिल्या रात्री सगळं घर गच्चीवर. चंद्र दिसतो, त्यावरचे खड्डे दिसतात, आजीलाही दाखवून होतं. दुसऱ्या रात्री गुरू शोधण्यात पाऊण तास जातो. तो काही सापडत नाही, डास मात्र सापडतात. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर, मोठ्या सुटकेसच्या शेजारी.

ओळखीच्यांच्या अशा बऱ्याच दुर्बिणी मी माळ्यावरून खाली उतरवल्या आहेत. बहुतेकींना काहीही झालेलं नसतं. फाइंडर ढिला असतो, आयपीस चुकीचा लावलेला असतो आणि घरातल्या कुणीही ती दिवसाउजेडी एकदाही हाताळलेली नसते. स्वयंपाक येत नसताना पाहुणे बोलवावेत, तसं ते पहिल्याच रात्री सगळ्यांना शनी दाखवायला निघालेले असतात.

म्हणून आधी ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांच्यासाठी. खरेदीचं नंतर बोलू.

दुर्बीण दुपारी बाहेर काढा. सूर्याकडे पाठ करा आणि एक-दीड किलोमीटरवरची एखादी स्थिर वस्तू निवडा. टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर किंवा देवळाचा कळस उत्तम. सर्वांत जास्त नाभीय अंतराचा आयपीस लावा, म्हणजे ज्यावर २५ किंवा २० असा आकडा आहे तो. आकडा मोठा तितकं वर्धन कमी आणि दिसणारा भाग मोठा. आता नळी हलवून टॉवरचं टोक दृष्टिक्षेत्राच्या बरोबर मध्यावर आणा आणि सगळे स्क्रू आवळा. त्यानंतर वर बसवलेल्या छोट्या फाइंडरमधून बघा. त्याच्या फुलीवर तेच टोक यायला हवं. ते येणार नाहीच. फाइंडरचे बारीक स्क्रू फिरवून ते आणा. दहा मिनिटांचं काम आहे, पण माळ्यावरच्या निम्म्या दुर्बिणी या दहा मिनिटांअभावी तिथं गेलेल्या असतात. पन्नासपटीच्या दुर्बिणीतून आकाशाचा जेमतेम एक अंश दिसतो, म्हणजे दोन पूर्ण चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. जुळवलेल्या फाइंडरशिवाय तेवढ्या फटीतून गुरू शोधणं म्हणजे पेनाच्या नळीतून बसचा नंबर वाचणं.

टॉवर उलटा दिसला तर घाबरू नका. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटंच येतं, आणि काटकोनी डायगोनल लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत उजवं-डावं बदलतं. आकाशात वर-खाली असं काही नसल्यानं आठवड्याभरात सवय होते.

रात्रीची पहिली अडचण फोकसची. तारा शोधल्यावर एक मोठी प्रकाशाची चकती दिसते आणि तिच्या मधोमध काळं भोक. 'अरे, हा तर ग्रह!' असा पुकारा होतो. तो मेदूवडा फोकस हललेल्या ताऱ्याचा असतो, आणि मधलं भोक ही दुर्बिणीतल्या छोट्या, आडव्या आरशाची सावली. फोकसचं चाक सावकाश फिरवत वडा लहान लहान करत न्या. तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की फोकस जमला. तारा कुठल्याही दुर्बिणीतून टिंबाएवढाच दिसतो. जाता जाता या वड्याचा एक उपयोग सांगतो. भोक बरोबर मध्यावर असेल तर आरसे एका रेषेत आहेत. भोक कडेला सरकलेलं असेल तर कोलिमेशन बिघडलंय, म्हणजे मागच्या आरशाचे तीन स्क्रू जुळवावे लागतील. तेही घरी जमतं. मात्र एका वेळी एकाच स्क्रूला पाव फेरा द्यायचा आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यावर आणून बघायचं.

चष्मा असलेल्यांनी तो काढून बघावं. जवळचा-लांबचा नंबर फोकसमध्ये भरून निघतो. तिरका म्हणजे सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा.

आता खरेदी. खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलेलं दिसलं की ते खोकं तिथंच ठेवून पुढे व्हा. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, एवढंच वर्धनाचं गणित आहे. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ चा आयपीस लावला की २६ पट, १० चा लावला की ६५ पट. आयपीस बदलून आणि बार्लो भिंग जोडून हा आकडा हवा तेवढा फुगवता येतो, पण चित्र अंधूक होत जातं. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपलीकडच्या वर्धनाला काही अर्थ उरत नाही, आणि आपल्या शहरी हवेत बऱ्याच रात्री दीडशेच्या पुढंही जाववत नाही. मी स्वतः निम्मा वेळ चाळीस-पन्नास पटीवरच असतो.

बघायचा तो व्यास. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १३० मिलिमीटरचा आरसा तिच्या जवळजवळ साडेतीनशे पट प्रकाश गोळा करतो. दुर्बिणीचं खरं काम हे प्रकाश गोळा करण्याचं, पन्हाळीखाली पिंप लावण्यासारखं. पिंपाचं तोंड जेवढं रुंद तेवढं पाणी.

मग सगळ्यांत मोठी दुर्बीण घ्यावी का? इथं माझं मत जरा हट्टी आहे. तुमच्या घरापासून गच्चीपर्यंत जितके जिने आहेत ते मोजा. दमल्या भागल्या दिवशी, ऑफिसातून आल्यावर, जी दुर्बीण एका खेपेत वर नेण्याचा कंटाळा येणार नाही, ती तुमच्यासाठी योग्य. आठ इंची डॉब्सोनियन उत्तम असते, पण लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर ती वर्षातून चारदा वर जाईल. १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची डॉब काखेत मारून नेता येते. तिला बसवायला दणकट स्टूल हवं, प्लास्टिकचं नको. ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीणही चंद्र, गुरू, शनी आणि जोडताऱ्यांसाठी पुरते, फक्त तिचा ट्रायपॉड काडीपैलवान नसावा. हलक्या ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला विटा भरलेली पिशवी टांगली की थरथर बरीच कमी होते.

डॉब्सोनियन हे नाव ज्याच्यावरून आलं तो जॉन डॉब्सन अमेरिकेतल्या वेदान्त सोसायटीच्या मठातला, रामकृष्ण संघाचा संन्यासी होता. १९४४ साली तो मठात गेला. तिथं टाकाऊ काचा घासून आरसे करायचे आणि पुठ्ठ्याच्या नळकांड्यात बसवायचे, असा त्याचा उद्योग चालायचा. रात्री दुर्बीण ढकलत शेजारच्या वस्तीतल्या पोरांना चंद्र दाखवायला तो मठाबाहेर पडे. शेवटी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढं त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथांवर लोकांना बोलावून बोलावून आकाश दाखवलं. प्लायवूडची पेटी आणि टेफ्लॉनच्या चकत्यांवर फिरणारी बैठक, एवढंच त्याच्या रचनेचं गुपित. तो २०१४ मध्ये वारला. कमी पैशांत मोठा आरसा मिळतो तो त्याच्या कृपेनं.

नवशिक्यांना हमखास गळ्यात मारला जातो तो इक्वेटोरियल माउंट मात्र आपल्याकडे टाळावा. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, म्हणजे बहुतेक गच्च्यांवरून समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या मागं. शिवाय इतक्या कमी अक्षांशाला अक्ष एवढा झुकतो की स्वस्तातल्या माउंटांमध्ये वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकतो. युरोपात बनवलेल्या सूचनापत्रकात हा प्रश्न उद्भवतच नाही. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठक आपल्याला पुरे.

आणि अजून काहीच घेतलं नसेल तर आधी १०×५० ची द्विनेत्री घ्या. वर्षभर तिनं आकाश ओळखीचं होऊ द्या. नंतर दुर्बीण घेतली नाही तरी द्विनेत्री सह्याद्रीत पक्षी बघायला कामाला येईल.

गच्चीबद्दल थोडं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती ऊब सोडत राहतो. त्या वर जाणाऱ्या हवेतून गुरू बघितला की तो उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा लवलवतो. दुर्बिणीचा दोष नसतो तो. उन्हाळ्यात झोपण्याआधी गच्चीवर पाणी मारतात तसं संध्याकाळी मारून घेतलं तर फरक पडतो. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि पत्र्याच्या शेडपासून लांब बसलं तर आणखी पडतो. दुर्बीणही अर्धा-पाऊण तास आधी वर नेऊन ठेवावी, आरसा हवेच्या तापमानाला येतो. पाण्याच्या टाकीची सावली ही गच्चीवरची सर्वांत मोलाची जागा. रस्त्यावरचा हॅलोजन टाकीआड झाला की डोळ्याला खरा अंधार मिळतो. डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी वाया. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद उरला असेल तर दुहेरी करून टॉर्चच्या तोंडाला रबरबँडनं लावा. लाल प्रकाशात नकाशा वाचता येतो आणि डोळ्याचा सराव फारसा मोडत नाही. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या उजेड असतानाच सोडून ठेवा. हे मी कपाळाच्या अनुभवावरून सांगतो आहे.

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. एकदा रात्री दहा वाजता समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ तणतणत आमच्या गच्चीवर आले. त्यांचा समज असा की आमच्या नळीचा रोख त्यांच्या खिडक्यांवर आहे. मी काही न बोलता स्टूल पुढं केलं. चंद्रावरच्या खड्ड्यांत ते पाच मिनिटं डोकं घालून होते. नंतर ते सोसायटीच्या सेक्रेटरींशी माझ्या बाजूनं भांडले, गच्चीची किल्ली मला मिळावी म्हणून.

चंद्र पौर्णिमेला बघू नये. सूर्य त्याच्या डोक्यावर असतो, सावल्याच नसतात, सगळं पिठूळ सपाट दिसतं. बघायचा तो उजेड-अंधाराच्या सीमेवर, जिथं सूर्य नुकताच उगवतो आहे. ही सीमा रोज पुढं सरकते आणि त्यासाठी आपल्या भिंतीवर आयतं वेळापत्रक आहे. पंचांग किंवा तिथी छापलेली दिनदर्शिका घ्या. शुद्ध पंचमी-षष्ठीला थिओफिलस हे विवर सीमेवर येतं. ते शंभर किलोमीटर रुंद आहे, मध्ये डोंगर आणि शेजारी खेटून आणखी दोन विवरं. सप्तमी-अष्टमीला ॲपेनाइन पर्वतांची रांग उजळते, तिची टोकं अंधारात स्वतंत्र दिव्यांसारखी लुकलुकत असतात. नवमी-दशमीला कोपर्निकस. अष्टमीची रात्र मला सर्वांत आवडते, कारण चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत सोबत करतो.

एकदा एक प्रयोग करा. अष्टमीला सीमेच्या किंचित पलीकडे, अंधारात, एखादं डोंगरशिखर ठिपक्यासारखं चमकताना दिसेल. ते बघून घ्या, खाली जाऊन जेवून या आणि तासाभरानं पुन्हा बघा. ठिपक्याची रेघ झालेली असेल, शेजारी नवा ठिपका उगवलेला असेल. चंद्राच्या मध्यपट्ट्यावर सूर्योदयाची सीमा ताशी साधारण १५ किलोमीटरनं सरकते. दूधवाला सायकलवरून जातो त्या वेगानं तिथं सकाळ होत असते आणि तुम्ही ती बघता.

मंद गोष्टींसाठी उलट चंद्र नको. वद्य सप्तमीनंतर तो मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याहून उशिरा उगवतो, तेव्हापासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी अंधाऱ्या. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ बघायची घरात सवय असतेच, तीच पुढे चार दिवस वाढवायची.

ग्रहांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत आणि हे फारसं कुणी सांगत नाही. ग्रह क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यातून फिरतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून हा पट्टा इतका वरून जातो की दक्षिणोत्तर रेषेवर येताना ग्रह साधारण ४५ अंशांच्या खाली कधी नसतोच, आणि अनेक वर्षं जवळपास डोक्यावर असतो. लंडनच्या हौशी निरीक्षकाला काही वर्षं गुरू-शनी घरांच्या धुराड्यांवरून, जाड हवेतून बघावे लागतात. आपली हवा धुळीची असेल, पण आपण तिच्या पातळ भागातून बघतो.

गुरूला ५० पट पुरे. चकती, तिच्यावरचे दोन तपकिरी पट्टे आणि एका रेषेत चार चंद्र. १६१० साली गॅलिलिओनं हेच चार चंद्र बघितले. त्याच्या दुर्बिणीपेक्षा आज बाजारातली साधी दुर्बीणही बरी असते. आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळं दीड-दोन तासांत त्याची जागा बदललेली कळते. मधूनच चारातला एक गायब असेल, तर तो गुरूच्या पुढं किंवा मागं किंवा सावलीत आहे. शनीची कडी तीस-चाळीस पटीवर सुटी दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती नेमकी कडेवर आल्यानं जवळपास दिसेनाशी झाली होती आणि आता वर्षागणिक पुन्हा उघडत आहेत. तेव्हा २०२५ मध्ये शनी बघून नाक मुरडलेल्यांनी दुसरी संधी द्यावी. शुक्राच्या कला दिसतात. मंगळ सव्वीस महिन्यांनी एकदा जवळ येतो. मधल्या काळात तो केशरी टिकलीच राहतो.

ग्रह दृष्टिक्षेत्रातून सतत पळतो, कारण पृथ्वी फिरते आहे. शंभर पटीवर दोनेक मिनिटांत तो एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. त्याला ढकलत ढकलत मध्ये आणण्यापेक्षा पूर्वेच्या कडेला सोडा आणि हात काढून शांतपणे पार जाऊ द्या. आणि वेळ द्या. पहिल्या मिनिटाला गुरूवर दोन पट्टे दिसतात, दहाव्या मिनिटाला, हवा क्षणभर थांबते तेव्हा, पट्ट्याच्या कडेला आलेली एक गाठ दिसते. ते दहावं मिनिट येईपर्यंत बहुतेक लोक उठलेले असतात. डोळ्याला शिकवायची माझी युक्ती जुनीच आहे: वहीवर वाटी ठेवून वर्तुळ काढायचं आणि दिसेल तसं पेन्सिलीनं भरायचं. चित्र कसंही येवो. काढायला बसलं की दिसायला लागतं.

हिवाळ्यात मृग. 'मृग लागलं' हे शब्द आपण जूनच्या पेरणीशी जोडतो. तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणूनच ते दिसत नाही. रात्री मृग बघायचं तर डिसेंबर ते मार्च. एका ओळीतले तीन तारे, त्रिकांडाचा बाण, कुणीही ओळखतं. त्याच्या खाली, दक्षिणेकडं, तीन मंद ठिपक्यांची छोटी उभी ओळ आहे. तिच्या मधल्या ठिपक्यावर दुर्बीण लावा. हा मृगातला तेजोमेघ, १३०० प्रकाशवर्षांहून अधिक अंतरावरचा. पुण्या-मुंबईच्या उजेडातही तो दिसतो, आणि मध्ये चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन. छायाचित्रातला गुलाबी-निळा रंग शोधू नका. कॅमेरा मिनिटं-तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही, आणि मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. दिसेल तो राखाडी, पंख पसरल्यासारखा ढग. त्याच्याकडे सरळ न बघता किंचित बाजूला बघा, पंख एकदम मोठे होतील. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाश जास्त पकडतो. तिथूनच व्याधाच्या तेजाला सलाम करून कृत्तिकांकडं जा. साध्या डोळ्याला सहा, पंचवीस पटीत पन्नासच्या आसपास, हिऱ्यांच्या पुडीसारख्या. इथं वर्धन वाढवलंत तर पुडी हरवेल.

उन्हाळ्यात ज्यांची दक्षिण बाजू मोकळी आहे त्यांनी एक गोष्ट चुकवू नये. मे महिन्याच्या मध्यानंतर रात्री दहाच्या सुमारास चित्रा नक्षत्राचा पांढरा तारा दक्षिणेला उंच असतो. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ साधारण दहा अंशांची. चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. तिथं फाइंडरमध्ये एक पुसट, न फोकस झाल्यासारखा तारा सापडेल. तो ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा बंद गुच्छ, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा. पुण्याहून तो क्षितिजापासून २४ अंशांपर्यंत चढतो, पणजीहून आणखी तीन अंश जास्त. इंग्लंड-जर्मनीतून तो कधीच उगवत नाही. १३० मिलिमीटरमधून, गावाकडच्या अंधारात, शंभर पटीवर त्याच्या कडा रव्यासारख्या सुटतात. कोकणात किनाऱ्यावर असाल तर त्याच रात्री क्षितिजाजवळ त्रिशंकू आणि मित्र-मित्रकही बघून घ्या. मित्र हा तारा दुर्बिणीत सुबक जोडी होऊन दिसतो.

शहरातल्यांचे खरे मित्र जोडतारेच, त्यांना दिव्यांचा उजेड बाधत नाही. लग्नात ज्या अरुंधतीचं दर्शन घडवतात तिच्या शेजारचा वसिष्ठ पन्नास पटीत स्वतःच दुहेरी निघतो. हंसाच्या चोचीतला तारा पावसाळा सरल्यावर पश्चिमेला बघा: एक सोनेरी, एक निळसर. लहान मुलांना शनीच्या खालोखाल हेच आवडतं.

दीर्घिका शहरातून सोडून द्या. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानीतली दीर्घिकाही गच्चीवरून ओल्या बोटाचा काचेवरचा डाग वाटते. त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा बाहेर पडावं. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, विदर्भातल्यांना ते जवळ. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे, त्यांच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमांनी कित्येकांना हे वेड लावलं. दुर्बीण विकत घेण्याआधी अशा एका रात्री पाच-सहा जणांच्या दुर्बिणींतून डोकावून या. दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा तासाभरात जास्त कळेल.

सूर्याबद्दल दोनच वाक्यं, पण हसण्यावारी नेऊ नका. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघू नये, आणि आयपीसला लावायचा जो छोटा काळा सन फिल्टर काही दुर्बिणींबरोबर येतो तो आजच मोडून टाकावा, कारण एकवटलेल्या उष्णतेनं तो डोळ्यासमोर तडकतो. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा, त्यासाठीच बनवलेला फिल्टर लावून, फाइंडर झाकून आणि शेजारी मोठं माणूस उभं करून. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यास्ताच्या आधी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. ढग बघू देतील की नाही तो भाग वेगळा.

ढगांवरून आठवलं. दुर्बिणींचा खरा शत्रू आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ती कापडी पिशवीत राहिली तर भिंगांवर बुरशीची जाळी चढते आणि ती काच कोरते. आयपीस, बार्लो, फाइंडर हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. आमच्याकडे पूर्वी चकल्या ठेवायचा स्टीलचा डबा त्या कामी गेला आहे, घरच्यांचा राग ओढवून. आत सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन संपली, ते मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे होतात. त्यासाठी वेगळा जुना तवा ठेवा, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. नारिंगी दाणे मिळाले तर तेच बरे. नळीच्या दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधून ती तोंड खाली करून उभी ठेवा, आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी तासभर सावलीत हवेवर काढा. आरशावर धूळ दिसली म्हणून शर्टाच्या टोकानं पुसू नका. आरशाचा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसलं की चरे कायमचे. थोड्या धुळीनं काही अडत नाही. फारच झाली तर चार-पाच वर्षांनी एकदा, साबणाचा थेंब टाकलेल्या डिस्टिल्ड पाण्याखाली न घासता निथळू द्यावी.

नवरात्र सरलं, आकाश धुऊन निघालं की डबा उघडा. फाइंडर आधी दुपारी टॉवरवर जुळवून घ्या, तो चार महिन्यांत हललेला असतोच. येती काही वर्षं ऑक्टोबरात शनी संध्याकाळी पूर्वेकडेच असणार आहे, आठच्या सुमारास टाकीच्या वर येईल. पंचविसाचा आयपीस लावून ठेवा.